भिंतीपलीकडची सून

आमच्या घरात मनाची राखण हे खातं माझ्याकडे आहे. कुणी दिलेलं नाही, मीच घेतलंय. नवऱ्याकडे बँक, गॅसचा सिलिंडर आणि गावी जायची तिकिटं. माझ्याकडे कोण काय पाहतं, किती वेळ पाहतं आणि पाहून झाल्यावर चेहरा कसा होतो, याची देखरेख. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. लहानपणापासून कानावर एकच पडत आलेलं, की डोळ्यांतून आत जातं ते मनात ठाण मांडून बसतं आणि एक दिवस तोंडातून बाहेर पडतं, तेव्हा दारावर पहारा हवा. माझ्या वडिलांनी आम्हाला सर्कशीला नेलं होतं तेव्हासुद्धा झोक्यावरच्या बाया आल्या की शेंगदाण्यांकडे पाहायला सांगितलं होतं. त्यामुळे पहाऱ्याचं शिक्षण माझं पक्कं आहे.

नवऱ्याची कोलकात्याला बदली झाली त्याला दीड वर्ष होऊन गेलं. डमडमला चौथ्या मजल्यावर आम्ही राहतो. उतरणारं विमान घरावरून इतकं खालून जातं की प्रार्थना मध्येच थांबवावी लागते आणि ते गेलं की ‘तर, प्रभू’ म्हणून पुन्हा धरावी लागते. रविवारचं चर्च इंग्रजी. मराठी प्रार्थना उरली ती दोनच ठिकाणी. एक घरात, रोज संध्याकाळी साडेसातला. दुसरी महिन्यातून एका रविवारी, इथली आम्ही पाच मराठी ख्रिस्ती कुटुंबं कुणाच्या तरी घरी संगतीला जमतो तेव्हा. त्यात फोर्ट विल्यममधल्या एका लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नी आहेत, त्यांना सगळे वहिनी म्हणतात. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. बाकी आमच्यासारखे बदलीवाले.

आमच्यात या प्रार्थना पुस्तकातून वाचायच्या नसतात. प्रत्येकानं पाळीपाळीनं, डोळे मिटून, मोठ्यानं, आपल्या शब्दांत मागायचं आणि शेवटी बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. आमेन म्हणजे ‘हेच माझंही मागणं आहे’. तेव्हा ऐकून म्हणायचं असतं. हे माझ्या मुलीला मीच शिकवलंय.

मुलगी पंधराची, नववीत. तिचं सगळं बालपण बदल्यांमध्ये गेल्यामुळे तिचं मराठी हिंदीवर उभं आहे आणि आता त्याला वरून बंगालीचा हात लागलाय. ‘प्रभू, तू आमच्यावर लक्ष दे,’ असं ती मागते. मी दुरुस्त करत नाही. प्रभूला कळतं.

तर गेल्या दुर्गापूजेच्या सुट्टीपासून मुलगी फोनमध्ये आणि नवरा क्रिकेटमध्ये असे काही रुतले, की नोव्हेंबरात माझ्या खात्याला जाग आली. खरं तर चाळीस दिवसांचा उपवास आम्ही ईस्टरच्या आधी करतो. पण ईस्टरला कितीतरी महिने होते आणि मला धीर कुठला. कॅलेंडर मोजलं तर नाताळपर्यंत चाळीसच दिवस उरले होते. मी म्हटलं, ही खूण आहे. त्याच संध्याकाळी फर्मान निघालं: चाळीस दिवस डोळ्यांचा उपवास. टीव्हीवर मी आईनं विणलेलं पांढरं कापड घातलं. फोन घरात शिरल्याबरोबर निळ्या बिस्किटांच्या डब्यात, ज्यात एरवी सुया-दोरे असतात. शाळेच्या कामाला अर्धा तास सूट.

‘प्रभूनं उपवासाचे चाळीस दिवस काढले ते रानात,’ नवरा म्हणाला. ‘घरात काढायचे म्हणजे जास्तच अवघड आहे.’

मुलगी हसली नाही. ‘आई, सगळ्या ग्रुपवरच बोलतात. मी नसले तर मला कळणार नाही.’

‘काय कळणार नाही?’

‘काहीच.’

‘मग बरंच आहे,’ मी म्हटलं आणि डब्याचं झाकण लावलं.

इथं एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण ती मला तेव्हा दिसायला हवी होती. उपवासाच्या दुसऱ्या आठवड्यापासून मुलीचा शाळेचा डबा अर्धा परत यायला लागला. दोन पोळ्या दिल्या तर एक परत, भाजी अर्धी. मला वाटलं, पोळ्या कडक होत असतील. मी पिठात तेल वाढवलं.

आता शेजारच्या बौदी. बंगालीत वहिनीला बौदी म्हणतात. आमच्या मजल्यावर समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात, एकट्याच, फार माया करतात आणि त्यांना कमी ऐकू येतं. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी आणि त्यांच्या टीव्हीच्या खोलीची खिडकी एकाच बोळकांडीवर उघडतात. रोज सातला त्यांची एक बंगाली मालिका सुरू होते. अर्धा तास. शनिवारी तासभर. आमचा टीव्ही चालू असायचा तेव्हा तिचा आवाज कधी जाणवला नव्हता. कापड पडलं, घर शांत झालं आणि पहिल्याच आठवड्यात मला कळलं, की त्या मालिकेतल्या धाकट्या सुनेचं काही खरं नाही.

पाहायचं नाही असं ठरलं होतं. ऐकायचं नाही असं कुठं ठरलं होतं? शिवाय बंगाली सुधारत होतं. शिवाय मी काही ऐकायला उभी राहत नव्हते, मी लसूण सोलत होते. फक्त सोलायच्या सगळ्या गोष्टी आता सातलाच सोलल्या जायला लागल्या. मटार, लसूण, आलं, संत्रीसुद्धा. ‘हल्ली लसूण फार पडतोय,’ असं नवरा दोनदा म्हणाला. थंडीत चांगला असतो, मी म्हटलं.

जे ऐकून कळत नव्हतं, ते बौदी लिफ्टमध्ये सांगायच्या. सासूचा चेहरा कसा झाला, थोरल्या जावेनं कुठली साडी नेसली होती. दुसऱ्यानं सांगितलेलं म्हणजे काही पाहणं नव्हे. ‘तारपर?’ मी विचारायचे. तारपर म्हणजे ‘मग पुढं?’. दीड वर्षात एवढा एकच बंगाली शब्द मी अगदी बंगाल्यासारखा म्हणायला शिकले. बौदींची लिफ्ट तळाला पोचायची, तरी आम्ही दार धरून उभ्या.

डिसेंबर लागला आणि थोरल्या जावेनं डाव साधला. धाकट्या सुनेला, भरल्या दिवसांची असताना, घराबाहेर काढलं. थंडीत. अंगावर शालसुद्धा नाही, असं बौदी म्हणाल्या. माझ्या जिवाला घोर लागला. भाजी घेताना, कपडे वाळत घालताना डोक्यात तेच, ही आता जाणार कुठं, हिला कोण आहे. माझ्या घरातलं कोण कुठं जातंय, याचा मला इतका घोर लागला नव्हता.

त्या शनिवारी प्रार्थनेला मुलीची पाळी होती. साडेसात झाले तरी पलीकडे मालिका चालूच होती. आम्ही तिघं डोळे मिटून बसलो. मुलगी हळू आवाजात काहीतरी मागत होती, तिकडे कुणीतरी दार खटखटवत होतं, आणि कोण दार उघडतंय याकडे माझे दोन्ही कान. ती थांबली. मी आमेन म्हटलं. अगदी वेळेवर म्हटलं, सवय असते. डोळे उघडले तेव्हा मुलगी माझ्याकडे पाहत होती. मला वाटलं, तिला भूक लागली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, पाच कुटुंबांची संगती आमच्याकडेच होती. मी पुलाव केला होता. गीतं झाली, वाचन झालं, आणि इतरांसाठी मागायची प्रार्थना माझ्याकडे आली. ही मला चांगली जमते, असं सगळे म्हणतात. मी आजाऱ्यांसाठी मागितलं, प्रवासात असणाऱ्यांसाठी, सीमेवरच्या जवानांसाठी, वहिनींना ऐकू जाईल असं. एक विमान गेलं. ‘तर, प्रभू,’ मी म्हटलं, आणि पुढचं आपोआप आलं. ‘त्या धाकट्या सुनेला विसरू नकोस. तिचे दिवस भरलेत आणि तिला घराबाहेर काढलंय. थंडी आहे, अंगावर पांघरूण नाही, तिला कुणी आपलं म्हणणारं नाही. कुणाचं तरी दार तिच्यासाठी उघड.’ माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. खरोखरच आलं. सगळ्यांनी मनापासून आमेन म्हटलं.

डोळे उघडले. समोर मुलगी ओठ घट्ट दाबून फरशीकडे पाहत होती. तेव्हा मी कुणासाठी मागितलं ते मला कळलं.

‘वा,’ काका म्हणाले. ‘नाताळ जवळ आला म्हणून भरल्या दिवसांत दारोदार फिरलेल्या मरियेची आठवण काय सुंदर आणलीत. आजच्या भाषेत.’

देवाशप्पथ सांगते, त्या क्षणी काकांचे पाय धरावेसे वाटले. मी मान हलवणार, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, ‘नाही हो काका, त्या खऱ्या बाईबद्दल बोलल्या. रडल्या त्या. कोण आहे हो ती? कितवा चाललाय?’

‘नववा,’ मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

‘कुठं असते?’

‘इथंच. आमच्या शेजारी.’

हे तसं खोटं नव्हतं. पण खरं किती होतं ते मला माहीत होतं. नवरा म्हणाला, ‘कोण गं? मला बोलली नाहीस.’ मी पुलाव वाढायला उठले.

बुधवारी दुपारी वहिनींचा ड्रायव्हर एक मोठी पिशवी घेऊन दारात. आत धुऊन इस्त्री केलेली झबली, विणलेल्या टोप्या, मोजे, मऊ जुन्या साडीची दुपटी आणि एक गोधडी. वर चिठ्ठी: ‘अजून काय लागेल ते मोकळेपणानं सांगा. राहायची अडचण असेल तर आमच्याकडे मागची खोली रिकामी आहे.’ मी चिठ्ठी दोनदा वाचली. सैन्यातली बाई, बोलली तसं करून मोकळी झाली होती. आणि मी तिला टीव्हीतल्या बाईसाठी कामाला लावलं होतं, तेही टीव्ही बंद ठेवून.

मुलगी शाळेतून आली. तिनं एक टोपी उचलून मुठीवर चढवली, इकडून तिकडून पाहिली आणि म्हणाली, ‘आई, हे टीव्हीच्या आत कसं पाठवायचं?’

‘तुला माहीत होतं?’

‘माझी खिडकी पण तिथंच उघडते. मला सगळं ऐकू येतं. तुझा लसूण पण.’

‘मग रविवारी बोलली का नाहीस?’

‘तू रडत होतीस ना.’ तिनं टोपी काढून घडी घातली. मग म्हणाली, ‘मी पण शनिवारी मागितलं होतं.’

‘काय मागितलंस?’

‘तू आमेन म्हणालीस.’

पंधरा वर्षांत मी तिला पुष्कळ बोलले असेन, पण ती मला कधी इतकं कमी बोलून इतकं बोलली नव्हती. मी म्हटलं, मला ऐकू आलं नाही गं, पुन्हा सांग. तिनं आधी नाही म्हटलं. मग पाठ फिरवून डबा सिंकमध्ये ठेवता ठेवता सांगितलं.

‘मला डबा खायला कोणीतरी दे, असं.’

हळूहळू सगळं बाहेर आलं. वर्गातल्या मुलींचं डिसेंबरच्या पिकनिकचं ग्रुपवर ठरत होतं. कोण काय आणणार, कोण कुणाच्या गाडीत. हिचं उत्तर नाही. दोनदा विचारलं, तरी नाही. हिचा अर्धा तास शाळेच्या कामातच जायचा. तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, हिला भाव चढलाय, आणि तिला ग्रुपमधून काढलं. त्यानंतर वर्गातही बाकावर जागा नसते. ती मधल्या सुट्टीत जिन्यात बसते. ‘घंटा होईपर्यंत टाइम काढायला लागतो, म्हणून एकदम हळू खाते. मग संपत नाही.’

मी सिंकमधला डबा उघडला. एक पोळी, अर्धी भाजी. पोरगी जिन्यात बसून एकटी घास मोजत होती आणि मी पिठात तेल वाढवत होते. माझी मला इतकी लाज वाटली, की मी तिला जवळसुद्धा घेतलं नाही, तशीच उभी राहिले. मग निळ्या डब्यातून फोन काढला आणि तिच्यापुढे धरला.

‘आता दिलास तरी काय,’ ती म्हणाली. घेतला, पाहिला, आणि परत सुया-दोऱ्यांत ठेवून दिला.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी पिशवी घेऊन मेट्रोनं निघालो. वहिनींना फोनवर सांगता आलं असतं, पण मला शिक्षा हवी होती. फोर्ट विल्यमच्या फाटकावर जवानानं विचारलं, पिशवीत काय आहे. ‘बच्चे के कपड़े,’ मी म्हटलं. त्यानं आमच्या दोघींकडे पाहिलं, बाळ काही दिसलं नाही, पण सोडलं.

वहिनींसमोर मी सगळं सांगितलं. लसणासकट. त्यांनी शेवटपर्यंत चेहरा अगदी सरळ ठेवला, मग पदर तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, ‘कपडे ठेवा इथंच. जुळं झालं तर कळवा.’ आणि चहा ओतताना, अगदी सहज, ‘नाताळच्या संगतीत हे साक्ष म्हणून सांगायचं बरं का, तुम्ही स्वतः.’ आमच्यात साक्ष म्हणजे देवानं आपल्याला कसं सावरलं ते चारचौघांत उभं राहून सांगणं. लोक मोठमोठ्या आजारांच्या साक्षी देतात. मला मिळाली ही. पुढं मी ती दिली तेव्हा सगळ्यांत जास्त वाईट काकांना वाटलं. ‘म्हणजे मरिया नव्हती?’ ते दोनदा म्हणाले.

परतताना मेट्रोत मी मुलीला वर्गातल्या एकेका मुलीबद्दल विचारलं. कोण कुठं बसते, कोण चांगली, कोण आधी चांगली होती. ती मैदान स्टेशनपासून डमडमपर्यंत बोलत होती. मला तिच्या शाळेतलं एकही नाव धड माहीत नव्हतं आणि त्या मालिकेतल्या सासूच्या माहेरची नावं पाठ होती.

त्याच संध्याकाळी साडेसातला प्रार्थनेला बसलो. शनिवार होता, पलीकडे मालिका रंगात आली होती. मी उठून स्वयंपाकघराची खिडकी लावली, तरी आवाज येतच होता. मी डोळे मिटले. ‘तर, प्रभू,’ म्हटलं आणि क्षणभर थांबले. पलीकडे सून कण्हत होती.

‘आई,’ मुलगी म्हणाली. तिनं एक डोळा उघडला होता. ‘कान पण.’

नवऱ्याला हसू आवरेना. मी कान मिटले, म्हणजे जेवढे मिटता येतात तेवढे, आणि तिनं जे मागितलं होतं तेच तिच्याच शब्दांत मागितलं. हिला डबा खायला कोणीतरी दे. तिनं आमेन म्हटलं. ऐकून म्हटलं.

नाताळची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मला लिफ्टमध्ये बौदी भेटल्या. मी काही विचारलं नाही. खरंच नाही विचारलं. त्यांनीच माझा हात धरून सांगितलं, की धाकट्या सुनेला मुलगा झाला, आज दाखवणार आहेत. वर आले तर मुलगी माझ्याआधी घरी पोचली होती.

‘काय झालं तिला?’ तिनं विचारलं. ‘बौदींचा आवाज खालून वरपर्यंत आला.’

‘मुलगा.’

‘छान,’ ती म्हणाली आणि दप्तर काढायला गेली.

संध्याकाळी मी डबा धुवायला घेतला. रिकामा होता. कोपऱ्यात लुचीचा, म्हणजे मैद्याच्या पुरीचा, तुकडा चिकटलेला आणि कासुंदीचा, त्या झणझणीत मोहरीच्या चटणीचा, पिवळा डाग. मी लुची करत नाही. कासुंदी तर आमच्या घरात नाहीच. मी डबा तसाच हातात धरून हाक मारली.

‘कुणाचं गं हे?’

ती दारात येऊन उभी राहिली. वर्गात एक मुलगी आहे, म्हणाली, ती सियालदहला ट्रेन बदलून खूप लांबून येते. तिच्याकडे फोनच नाही, त्यामुळे ती ग्रुपमध्ये नव्हतीच कधी. ती पण जिन्यात बसते, एक मजला खाली. इतके दिवस दोघींना माहीतच नव्हतं. आज हिचा चमचा हातातून निसटला आणि खणखणत खाली गेला.

सात वाजले होते. पलीकडे शंख वाजला, बायकांचा शुभप्रसंगीचा उलू-उलू सुरू झाला आणि त्या सगळ्यातून एका तान्ह्या पोराचं रडणं. मी गॅस बंद केला, हात पुसले आणि ओट्याजवळच्या स्टुलावर बसले.

‘तारपर?’ मी मुलीला विचारलं.